जुन्या बुलेटचं पुढचं स्प्रॉकेट बदलताना

उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली, ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट ज्यांच्या दारात उभी आहे त्यांना हे आधीच सांगितलेलं बरं: पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे मागच्या चाकाची चेन ओढणारं छोटं दातेरी चाक, काढायला पाच मिनिटं पुरतात, पण त्याच्यापर्यंत पोचायला सुट्टीचा अख्खा दिवस जातो. आजच्या साध्या मोटरसायकलीत डावीकडचं छोटं कव्हर काढलं, दोन बोल्ट सोडले की स्प्रॉकेट हातात येतं. बुलेटमध्ये ते आतल्या प्रायमरी कव्हरच्या मागे असतं, त्या कव्हरच्या पुढे क्लच आणि प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी), आणि सगळ्यांच्या पुढे अल्टरनेटर. ही मांडणी काही मद्रासची नाही. गिअरबॉक्स बर्मिंगहॅमच्या अल्बियनचा, गाडी रेडिचच्या कारखान्याची, आणि १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली तेव्हा आतली रचना जशीच्या तशी आली. त्या काळातल्या नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ, बीएसए या गाड्याही बहुतेक याच धाटणीच्या. म्हणून खालचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल, मात्र नटाच्या बाबतीत नाही. त्याबद्दल पुढे.

एवढं सगळं उघडायचंच आहे तर दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्या. एक, दात किती घालायचे, कारण मत बदललं तर तोच दिवस पुन्हा खर्ची पडतो. दुसरी, वाटेत भेटणारी सीलं, पॅकिंगं आणि लॉक वायसर आधीच आणून ठेवायचे. इंदुरात आपण काम रविवारी काढतो आणि सियागंजचा बाजार नेमका रविवारी बंद असतो, हे गाडी उघडी पडल्यावर आठवून उपयोग नाही.

दातांचं गणित

३५० ला साधारणपणे पुढे १६ दात असतात, ५०० ला १७. मागे ३८. तरी स्वतः मोजा. पन्नास-साठ वर्षांत या गाड्यांवर कोणी काय बसवलं याचा नेम नाही. मागचं स्प्रॉकेट ब्रेकड्रमला एकजीव ओतलेलं असल्यामुळे तिकडे दात कमी-जास्त करणं खर्चाचं, आणि म्हणून गिअरिंगचा जो काही खेळ करायचा तो पुढेच होतो.

इंजिनावरच्या स्प्रॉकेटला २५ आणि क्लचच्या चाकाला ५६ दात, म्हणजे प्रायमरीत २.२४ चं प्रमाण. टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स सरळ एकास एक. मागच्या ३८ ला पुढच्या दातांनी भागून २.२४ ने गुणलं की इंजिनाचे किती फेरे झाले की मागचं चाक एकदा फिरतं ते कळतं: १६ दातांवर ५.३२, १७ वर ५.०१, १८ वर ४.७३. ३.२५-१९ च्या टायरचा घेर सुमारे दोन मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला इंजिन १६ दातांवर मिनिटाला साधारण २६५० फेरे घेतं, १७ वर २५००, १८ वर २३५०. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण हँडल आणि फूटरेस्टमधून येणारी थरथर एका दाताने स्पष्ट कमी होते.

मग सरळ १८ का नको? देवास किंवा उज्जैनच्या सपाट रस्त्यावर १८ दात छानच वाटतात. पण आपण मालव्याच्या पठारावर राहतो आणि फिरायला निमाडात उतरतो. महूवरून जाम गेटकडे, महामार्गाने मानपूरच्या घाटातून, खंडवा रोडने भेरूघाटातून. उतरताना काही नाही, पण संध्याकाळी मागे बायको आणि बाजूला पिशव्या घेऊन वर चढायचं असतं. ३५० ची ताकद अठरा हॉर्सपॉवर. १८ दातांवर ती टॉप गिअरमध्ये चढ ओढत नाही, तिसऱ्यात टाकावी लागते, आणि गिअर चारच असल्यामुळे तिसऱ्यात ती ओरडते. शिवाय राजवाड्यापासून सराफ्यापर्यंतच्या गर्दीत पहिला गिअर लांब झाल्यामुळे क्लच सतत अर्धा धरून चालवावं लागतं, म्हणजे प्लेटा जळणार. माझं मत सरळ आहे: चांगल्या कॉम्प्रेशनच्या ३५० ला १७, ५०० ला १८, आणि इंजिन थकलेलं असेल किंवा बाजूला साइडकार असेल तर कंपनीने दिलंय तेच. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे दात बदलले तरी काटा खोटं बोलणार नाही.

नुसतं झिजलं म्हणून बदलत असाल तर झीज अशी ओळखा: दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झालेले दिसतात, दोन दातांमधली खाच रुंद होते. असं स्प्रॉकेट एकटं झिजत नाही. चेन ताणून बारा कड्या मोजा. कडीची लांबी ५/८ इंच, म्हणजे नव्या चेनच्या बारा कड्या १९०.५ मिलिमीटर भरतात. १९४ च्या पुढे गेल्या असतील तर चेन गेली. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट घालणं म्हणजे नवे दात जुन्या मापाने घासायला देणं. चेन, पुढचं स्प्रॉकेट आणि मागचा ड्रम तिन्ही एकदम बदलले तर उत्तम. खिशाला जड होत असेल तर ड्रमचे दात नीट बघून तो तेवढा मागे ठेवा.

आणखी एक हिशेब. पुढे एक दात वाढला की चेन अर्ध्या कडीने जास्त लागते, म्हणजे मागचं चाक सुमारे ४ मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. चेन नवी असेल तर एवढी जागा सहसा मिळते. चाक आधीच पुढच्या टोकाला असेल तर चेनच लांब घ्या.

सामान आणि पाने

नवं स्प्रॉकेट, त्याच्या नटाचं लॉकिंग, गिअरबॉक्सचं डावीकडचं ऑइल सील, प्रायमरीच्या बाहेरच्या कव्हरचं मोठं रबर, आतल्या कव्हरचं पॅकिंग, रोटर व क्लचच्या नटांखालचे दुमडायचे लॉक वायसर. दुकानात "गरारी" मागितली तर बहुधा मागची समजतात, म्हणून "आगे की छोटी गरारी, चार गिअर वाली" असं म्हणा आणि जमलं तर जुन्या गाडीच्या माणसाला बरोबर न्या. पाच गिअरच्या गाडीचं वेगळं येतं.

पान्यांचा विषय जरा खोलात जाऊन सांगायला हवा. जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापाचे नट असतात आणि नंतर कोणी तरी बसवलेले मेट्रिकही. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नव्हे. १/४ व्हिटवर्थचा नट कडेपासून कडेपर्यंत १३.३ मिलिमीटर, ५/१६ चा १५.२, ३/८ चा १८.०, ७/१६ चा २०.८. आता बघा: १/४ वर १३ चा पाना चढत नाही, १४ चा गोल फिरून कोपरे खातो. ३/८ वर १८ चा मात्र चपखल बसतो. ज्या गाडीचे नट गोल झालेले दिसतात तिथे बहुतेक वेळा १४ चाच पाना फिरलेला असतो. सियागंजात हार्डवेअरवाल्याकडे व्हिटवर्थ रिंग पान्यांचा सेट मिळाला तर घेऊन टाका. आटेही तसेच: यातले कित्येक इंचाला २६ आट्यांचे, सायकल आटे म्हणतात ते. हाताने दोन फेरे न चढणारा बोल्ट पान्याने चढवायचा नाही.

स्प्रॉकेटचा नट मोठा आहे, आणि त्याच्या मधून गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट बराच बाहेर आलेला असतो. त्यामुळे साधा सॉकेट टेकत नाही; पोकळ, खोल बॉक्स पाना लागतो. विकत मिळाला नाही तर नट व्हर्नियरने मोजून, जाड पाइपाला लेथवाल्याकडून षटकोन करून घ्या आणि आडवा दांडा वेल्ड करा. तसंच क्लच धरून ठेवायचं हत्यार: जुनी लोखंडी क्लचप्लेट आणि जुनी घर्षणप्लेट एकमेकींना वेल्ड करून वर हातभर पट्टी जोडली की झालं. याशिवाय पुलर, फट मोजायचं फीलर गेज, टॉर्क पाना, पसरट थाळी आणि भरपूर चिंध्या.

छिन्नी-हातोडी घरात ठेवा. आपल्याकडे हा नट छिन्नीने ठोकून सोडायची पद्धत इतकी रुळलेली आहे की बऱ्याच गाड्यांवर नटाला चारी बाजूंनी दात पाडलेले सापडतात. असा नट पुन्हा लावू नका, नवा आणा.

उघडायला सुरुवात

गाडी मेन स्टँडवर, खाली फळी. बॅटरीची तार काढा, प्लग काढा. गिअर टॉपमध्ये टाका. चाक हाताने पुढे-मागे फिरवत गिअर टाकला की सहज पडतो. डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचा पेडल काढा.

पेडल निघाला की मागचं चाक अडवायला ब्रेक कसा लावायचा हा प्रश्न येतो, कारण रोटर, क्लच आणि स्प्रॉकेट यांचे तिन्ही मोठे नट सोडताना चाक घट्ट अडलेलं हवं. मागच्या ड्रमवरचा ब्रेकचा आर्म सुती दोरीने ओढून फ्रेमला बांधून टाका. तारांमध्ये लाकूड खुपसून चाक अडवणारे असतात; त्यात तारा वाकतात.

थाळी खाली सरकवा. बाहेरचं मोठं कव्हर मधल्या एकाच नटावर धरलेलं असतं. तो सोडला की कव्हर रबराला चिकटून राहतं. रबरी हातोडीने कडेकडेने ठोका, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. ॲल्युमिनियमची कड एकदा खरवडली की तिथून तेल गळतच राहतं. कव्हर हललं की तेल एकदम येईल. ते गटारात न सोडता डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या; २०१७ पासून स्वच्छतेचं बक्षीस मिरवणाऱ्या गावात राहतो आपण.

तेलाकडे बघा मात्र. चांदीसारखी चमक असेल तर चेन कुठे तरी कव्हरला घासतेय. काळं आणि जळका वास असेल तर क्लचप्लेटांचं वय झालंय. प्रमाणाबाहेर तेल निघालं तर इंजिनाचं तेल शाफ्टकडून इकडे येतंय की काय ते तपासावं लागेल.

अल्टरनेटर आणि क्लच

पुढे गोल तारांचं कडं दिसतं तो स्टेटर. त्याची बाहेरची बाजू कुठली आणि वायर कुठल्या बाजूने जाते ते खुणेने लिहून ठेवा, मोबाइलवर फोटोही काढा. तीन नट सोडून स्टेटर बाहेर घ्या. स्टडवर मागे जे वायसर किंवा नळ्या असतील त्या त्याच स्टडच्या नावाने वेगळ्या पुड्यांत. स्टेटर वायरवर लोंबकळत ठेवू नका.

मधला रोटर चुंबकाचा. क्लच अजून बसलेला असतानाच रोटरचा नट सोडा, कारण टॉप गिअर, अडलेलं चाक आणि क्लच या साखळीनेच इंजिन धरून ठेवलेलं आहे. क्लच घसरत असेल तर वर सांगितलेलं वेल्डचं हत्यार पुढे येईल. रोटर निघाला की शाफ्टच्या खाचेतली छोटी चावी सांभाळून ठेवा आणि रोटर स्वच्छ फडक्यात गुंडाळून जमिनीपासून दूर ठेवा. जमिनीवरचा लोखंडी कीस तो ओढून घेतो आणि नंतर स्टेटरच्या फटीत नेतो.

क्लचच्या स्प्रिंगांचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सोडा. प्रेशर प्लेट, मग एकेक प्लेट ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. मेनशाफ्टच्या तोंडातली टोपी आणि आतला पुशरॉड बाहेर काढा. बरोबर छर्रा असला तर तो आधी हरवतो, म्हणून लगेच डबीत टाका. मधल्या नटाचं लॉक वायसर सरळ करून, क्लचच्या हत्याराने धरून नट सोडा.

इंजिनाचं स्प्रॉकेट, प्रायमरी चेन आणि क्लचचं चाक हे तिघं एकदमच बाहेर येतात, कारण चेनला जोड नसतो. आधी चेन ताणणारा खालचा टेन्शनर पूर्ण सैल करा. दोन्हीकडून हळूहळू, सारखं ओढत या. हाताने येत नसेल तर पुलर लावा. मेनशाफ्टच्या टोकावर हातोडी मारली तर गिअरबॉक्सच्या आत काय हलतं ते उघडल्याशिवाय कळत नाही.

आता आतलं कव्हर. लॉक वायसर दुमडलेले स्क्रू काढले की ते क्रँककेसपासून सुटतं. मागे पॅकिंग आणि मेनशाफ्टभोवतीचं सील बघून ठेवा. आणि अखेर स्प्रॉकेट दिसतं. बहुधा दिसत नाहीच. काळ्या मातीचा आणि चेनच्या ग्रीसचा ढेपाळलेला गोळा दिसतो. केरोसिन आणि ब्रशने तो पूर्ण साफ केल्याशिवाय पाना लावू नका.

तो नट

इथे घाई करू नका. प्रथम लॉकिंग शोधा: नटाच्या कडेला छोटा ग्रब स्क्रू किंवा पट्टी असते. ती काढायची राहिली आणि नटावर जोर केला तर आटे जातात.

मग नट कुठल्या बाजूला सुटतो हे ठरवायचं, आणि ते कोणाला विचारून ठरवायचं नाही. ब्रिटिश गाड्यांत यात एकवाक्यता नाही. नॉर्टन कमांडोमध्ये हा नट उलट्या आट्यांचा आहे, दुसऱ्या गाडीत सुलटा निघू शकतो, आणि चौकातल्या चहाच्या टपरीवर दोन्ही बाजूंनी शपथेवर सांगणारे भिया भेटतात. आटे स्वतः वाचा. नटाच्या बाहेर स्लीव्हचे, म्हणजे स्प्रॉकेट ज्या पोकळ शाफ्टवर बसतं त्याचे, दोन-तीन आटे दिसतात. ते टोक वर केलेलं आहे अशी कल्पना करून समोरून बघा. आटे डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर सुलटे, नेहमीसारखे डावीकडे फिरवून सुटणार. उजवीकडून डावीकडे वर चढत असतील तर उलटे, घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटणार. टॉर्च आणि भिंग घेऊन बघायला एक मिनिट लागतं. दिशा चुकली की माणूस सोडतोय असं समजून घट्ट करत राहतो आणि लांब पाइप लावून शेवटी स्लीव्हच्या आट्यांचा नाश करतो. स्लीव्ह बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उघडायचा.

मागची चेन अजून चढलेलीच आहे, चाक दोरीने अडलेलं आहे. हीच नट सोडायची वेळ. चेन नंतर काढायची. आटे भिजतील असं पेनिट्रेटिंग ऑइल आदल्या रात्रीच मारून ठेवता आलं असतं तर बरं, पण तेव्हा नट दिसत नव्हता, म्हणून आता मारा आणि पोहे खाऊन या. मग पाना पूर्ण बसवून, दांड्याला दोन फुटी पाइप लावून, झटका न देता सारखा जोर. हलला नाही तर हॉट एअर गनने नट गरम करा. गॅसची ज्योत नको, मागे ऑइल सील आहे आणि साफसफाईचं केरोसिनही. हवेची इम्पॅक्ट गन चालते, पण तिची दिशा तुम्ही वाचलेल्या आट्यांप्रमाणे लावलेली हवी.

नट हलला की चेनचा जोड काढून चेन खाली उतरवा. जुन्या चेनला दुसऱ्या टोकाला जुनीच एखादी चेन जोडून ओढली तर परत घालताना सोपं जातं. स्प्रॉकेट स्लीव्हवरच्या स्प्लाइनवरून (लांब खाचांवरून) सरळ बाहेर येतं.

उघडं आहे तोवर

जुनं आणि नवं स्प्रॉकेट टेबलावर शेजारी ठेवा. दात सोडून बाकी सगळं सारखं हवं: स्प्लाइनची संख्या, बॉसची (मधल्या जाड गोलाची) उंची आणि बॉसचा बाहेरचा व्यास. बॉस एक मिलिमीटर कमी-जास्त असेल तर चेन मागच्या ड्रमशी सरळ रेषेत येणार नाही. बाजारातल्या स्वस्त स्प्रॉकेटांत चूक नेमकी इथे सापडते. नवं स्प्रॉकेट स्प्लाइनवर हाताने सरकायला हवं, पण बसल्यावर हलवून खुळखुळ वाटता कामा नये. बॉसची बाहेरची बाजू ऑइल सीलमध्ये फिरते. तिथे खड्डे असतील तर सील कितीही चांगलं घाला, गळणारच.

जुनं सील काढून नवं घाला, ओठाला थोडं ग्रीस लावून, सपाट लाकडी ठोकळ्याने सगळीकडून सारखं ठोकत. सील बदलायची गरज नव्हती असं वाटलं तरी बदला. त्याची किंमत तुमच्या एका दिवसापुढे काहीच नाही.

मेनशाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवा. थोडीशी हालचाल चालते. टोक डोळ्यांना दिसेल इतकं डुलत असेल तर स्लीव्हच्या आतला बुश झिजलाय. मग क्लच तिरका फिरतो, गाडी थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही आणि तेल शाफ्टच्या कडेने बाहेर येतं. सील बदलून याचा इलाज होत नाही. काम थांबवून गिअरबॉक्स काढायचा की हा मोसम निभवायचा, हे ठरवायची हीच वेळ. मला विचाराल तर पावसाळा तोंडावर असेल तेव्हाच काढा. तसाही चार महिने घाटात कोण जातं.

परत बसवताना

स्प्लाइनवर पातळसा सीलंट लावून स्प्रॉकेट बसवा. गिअरबॉक्समधलं पातळ ग्रीस स्प्लाइनच्या फटीतूनही रेंगाळत बाहेर येतं. नट हाताने लावा, चेन चढवा, चाक अडवा आणि मग घट्ट करा. लॉकिंग नवं. ग्रब स्क्रूला थ्रेडलॉकचा एक थेंब. आता चाक सोडवून फिरवून बघा, स्प्रॉकेट डुलत नाही ना.

आतलं कव्हर नव्या पॅकिंगवर बसवून मेनशाफ्ट कव्हरच्या भोकात मधोमध येतोय का ते पाहा. इंजिन स्प्रॉकेट, प्रायमरी चेन आणि क्लच पुन्हा तिघं एकत्र ढकला. दोन्ही चाकांच्या तोंडावर पट्टी आडवी धरून ती एका रेषेत आहेत का बघा. क्लचच्या नटाखालचं लॉक वायसर नव्याने दुमडा. प्लेटा जशा निघाल्या तशा, स्प्रिंगांचे स्क्रू सारखे घट्ट, मग क्लच दाबून प्रेशर प्लेट सरळ उचलली जातेय का ते बघा. एका बाजूने आधी उचलली तर त्या बाजूचा स्क्रू थोडा घट्ट करा. दोन-तीन वेळा करावं लागतं.

प्रायमरी चेनला वरच्या बाजूने मधोमध बोटाने दाबून साधारण ६ मिलिमीटर ढिलाई ठेवा, आणि इंजिन फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. चेन कुठे तरी जास्त ताणलेली असतेच. ढिलाई त्या जागी मोजायची. या गाडीत गिअरबॉक्स क्रँककेसलाच पक्का असल्यामुळे ताण फक्त टेन्शनरने बसतो.

रोटर, त्याची चावी, नट. मग स्टेटर, आणि हे काम फीलर गेजशिवाय करायचं नाही. रोटर आणि स्टेटरमध्ये चहूबाजूंनी निदान ०.२ मिलिमीटरची फट हवी. एका बाजूला कमी भरली तर स्टडच्या नळ्या आणि वायसर तपासा. पूर्वी कोणी ते हरवले असतील, तर गाडी गरम झाल्यावर रोटर स्टेटरला घासून तांबं उघडं पाडतो. वायर चेनपासून दूर, तिच्या रबरातूनच बाहेर.

बाहेरचं कव्हर नव्या रबरावर. खोबण कोरडी आणि स्वच्छ असेल तर सीलंट लागत नाही. मधला नट एकच असल्यामुळे "अजून थोडा" घट्ट करण्याचा मोह होतो. त्याने कव्हर मध्ये दबून कडेला उघडतं आणि गळती उलट वाढते. लेव्हलच्या बोल्टातून तेल थेंब थेंब येऊ लागेपर्यंत भरा आणि थांबा. जास्त भरलं तर क्लच घसरतो. मोटारीसाठीचं, घर्षण कमी करणारं तेल इथे नको, तेही क्लचला घसरवतं.

क्लचची केबल आणि गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरच्या छोट्या झाकणाआडचा ॲडजस्टर पुन्हा लावावा लागतो. प्लेटा आणि रॉड हलल्यामुळे जुनी सेटिंग उरत नाही. लिव्हरला थोडी मोकळी चाल राहिली पाहिजे.

मागचं चाक आणि पहिली फेरी

ब्रेकची दोरी सोडली आहे ना ते आधी बघा. दोन्ही बाजूंच्या गोगलगाईसारख्या कॅमवर सारखाच खाचेचा आकडा येईल असं चाक सरकवा, पण त्या खाचांवर डोळे झाकून भरवसा नको. पुढच्या आणि मागच्या टायरला दोरा लावून चाकं एका रेषेत आहेत का ते तपासा. चेनची ढिलाई सगळ्यांत ताणलेल्या जागी, माणूस गाडीवर बसलेला असताना, मध्यभागी सुमारे २५ मिलिमीटर. जोडाच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला. चाक पुढे सरकल्यामुळे ब्रेकची रॉडही पुन्हा लावावी लागेल, हे विसरायला सोपं आहे आणि पहिल्याच सिग्नलला आठवतं.

प्लग, बॅटरी, किक. पहिली पाच मिनिटं गाडी स्टँडवरच, आणि कान प्रायमरीकडे. खरखर किंवा ठराविक वेळाने टक्‌टक् ऐकू आली तर लगेच बंद करून स्टेटरची फट पुन्हा बघा. मग बायपासला एक सपाट फेरी, परत येऊन कव्हरच्या खाली आणि स्प्रॉकेटच्या मागे पांढरा कागद धरून तेल बघा. दुसरी फेरी सिमरोलकडून भेरूघाटापर्यंत: चढावर टॉप गिअरमध्ये ताशी ५० ला गाडी कुरकुर न करता ओढत असेल तर दात बरोबर निवडले गेलेत. थोडं कमी पडत असेल तर आधी टायमिंग आणि कार्ब्युरेटर तपासा, दातांना दोष नंतर.

नवी चेन पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये बसते, तेव्हा ढिलाई पुन्हा मोजा. त्याच वेळी बाहेरच्या कव्हरचा नटही एकदा बघून घ्या.